राहू द्यावे

पुण्यात पुस्तक प्रकाशित झालं की व्यासपीठावरून सगळ्यांचे आभार मानतात. प्रमुख पाहुण्यांचे, प्रकाशकाचे, मुखपृष्ठ काढणाऱ्याचे, हॉलवाल्याचे, माइकवाल्याचे. ‘आणि आपण रसिक’ म्हणून समोर बटाटेवड्याची वाट बघत बसलेल्या पेन्शनरांचेसुद्धा. मुद्रितशोधकाचे कोणी मानत नाही. त्याच्यासाठी शेवटी एक सरसकट वाक्य राखून ठेवलेलं असतं, ‘ज्ञात-अज्ञात हातांचे आभार.’ तो अज्ञात हात म्हणजे मी. दीनानाथ खांबेटे, वय एकाहत्तर, निवृत्त मराठी शिक्षक, मुक्काम नारायण पेठ.

मुद्रितशोधक म्हणजे प्रूफं तपासणारा. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातलं अक्षर न् अक्षर मी वाचतो. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, वाक्यरचना. पुस्तक चांगलं निघालं तर श्रेय लेखकाचं, आणि एक वेलांटी चुकली तर गाढव मी. चाळीस वर्षं हे केलं. तक्रार करत नाहीये, नुसतं सांगतोय. आमच्या मंदाचं, म्हणजे मंदाकिनीचं, माझ्या बायकोचं म्हणणं असं की मी तक्रारच करतोय आणि चाळीस वर्षं करतोय. असेल.

तर गेल्या डिसेंबरात माझं नाव पहिल्यांदा व्यासपीठावरून घेतलं गेलं. नारळ मिळाला, शाल मिळाली, टाळ्या झाल्या. ते कसं झालं ते एकदाच नीट सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी अभिनंदन करायला यायला नको.

आमचे मूळ प्रकाशक वारले. आता त्यांचा मुलगा अर्णव बघतो. बत्तीस वर्षांचा आहे, हुशार आहे, पुस्तकाला ‘टायटल’ म्हणतो आणि प्रकाशनाला ‘लाँच’. त्यानं जुलैमध्ये एक फाइल पाठवली. “सर, न्यू व्हॉइस आहे. विदर्भातली आहे, कात्रजला राहते, औषध कंपनीत पॅकिंगला आहे. स्टोरी सॉलिड आहे, पण लँग्वेज जरा बघा ना.”

लँग्वेज बघितली. दीपमाला इंगोले, कथासंग्रह, एकशे बेचाळीस पानं. मी पहिल्या पानावर लाल पेन उघडलं आणि विसाव्या पानाशी लक्षात आलं, अरे, पेन तर तसंच हातात आहे. इतकं चांगलं होतं. मला जरा रागच आला. चाळीस वर्षं ज्यांची प्रूफं तपासली त्यातल्या निम्म्यांना शाली मिळाल्या, आणि त्यांना या मुलीसारखं एक पान लिहिता आलं नसतं.

शेवटची कथा पुण्यात नोकरीला आलेल्या मुलीची. भावाशी भांडण झालंय, चार दिवाळ्या ती गावी गेलेली नाही. दारव्ह्याकडचं गाव. एक दिवस भावाचा फोन येतो. तो भांडत नाही, रडत नाही, एकच वाक्य बोलतो आणि फोन ठेवतो; कोणतं, ते तिथं दिलेलं नाही. मग मुलगी पिशवी भरायला घेते. पिशवी भरता भरता कथा संपते, आणि शेवटची ओळ, स्वतंत्र परिच्छेदात:

माय वाट पाहून राहिली.

आता बघा. तिकडे विदर्भात ‘पाहून राहिली’ म्हणजे ‘पाहते आहे’. आत्ता, या क्षणी. आपण इकडे म्हणतो ‘येतोय’, ते म्हणतात ‘येऊन राहिलो’. पुण्यात याला हसतात. मीही हसलोय, वर्गात, तिकडून आलेल्या पोरांना. माझा एक नियम होता, आणि आमच्या धंद्यात तो सगळ्यांचाच आहे: संवादात बोली चालेल, निवेदनात प्रमाण. अवतरणचिन्हांच्या आत पात्रानं काय वाटेल ते बोलावं. चिन्हांच्या बाहेर आलं की पुणं. आणि ही ओळ चिन्हांच्या बाहेर होती. म्हणून मी ‘पाहून’वर लाल रेघ मारली.

पहिलं प्रूफ घेऊन दीपमाला माझ्या घरी आली. रविवार होता, कात्रजहून दोन बस बदलून आली होती. चौतिशीची, सावळी, आवाज हळू. मंदानं पोहे केले. दुरुस्त्या सगळ्या मुकाट्यानं मान्य केल्या तिनं, एकशे एकोणीस होत्या. शेवटच्या पानावर आली आणि थांबली.

“सर, तेवढी एक ओळ राहू द्या ना.”

“अहो बाई, निवेदन आहे ते. निवेदनात ‘पाहून राहिली’ चालत नाही. हिंदीचं बोट धरून आलेलं मराठी आहे हे.”

“हव, सर. पण ती ओळ माझी नाहीच. मायची आहे.” मग तिनं सांगितलं. कथेतली मुलगी ती स्वतःच. चार वर्षं गेली नव्हती. आईला लिहिता-वाचता येत नाही, मोबाइलही लावता येत नाही. तिनं मुलाला पुढे बसवून फोन लावायला लावला आणि म्हणाली, एवढंच सांग तिला. “भाऊ तेवढंच बोलला. म्हणून मी अवतरणचिन्हं काढली, सर. ते आता माझ्याच आत आहे ना. मायला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, मायी ओळ पुस्तकात येऊन रायली का वं? प्रकाशनाला येणार आहे ती. ती ओळ ऐकायला.”

मी चहा प्यायलो. मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की बापरे. मी पेन घेतलं, लाल रेघेखाली टिंबं दिली, समासात लिहिलं, ‘राहू द्यावे’, आणि खाली सही केली, दी. खां. आमच्यात ही खूण असते. दुरुस्ती रद्द, मूळ आहे ते तसंच ठेवा. एकदा ‘राहू द्यावे’ लिहिलं की त्या शब्दाला ब्रह्मदेवानंही हात लावू नये. तिनं त्या पानाची झेरॉक्स मागितली. म्हणाली, “आठवण म्हणून.” मी म्हटलं, मूळ पानच घेऊन जा.

आणि नोव्हेंबरात मीच त्याला हात लावला.

का, ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. प्रमुख पाहुणे म्हणून डॉ. रंगनाथ ओगले ठरले. ज्येष्ठ समीक्षक. पुण्यात त्यांच्याशिवाय पुस्तकाची फीत सुटत नाही. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्याच गौरवग्रंथाची प्रूफं मी तपासली होती, आणि त्यात ‘आदरणीय’चं ‘आवरणीय’ झालं होतं. द-च्या जागी व. भर सभेत त्यांनी ग्रंथ उघडला आणि म्हणाले, “मी आवरणीय आहे असं या ग्रंथाचं म्हणणं आहे, तेव्हा आवरतं घेतो.” सभागृह पाच मिनिटं हसत होतं. मग म्हणाले, “मुद्रितशोधक महाशय हजर असतील तर उभे राहा. दर्शन घेऊ द्या.” मी हजर होतो. सातव्या रांगेत. उभा राहिलो नाही. चप्पल शोधतोय असं करून खाली वाकलो होतो.

ओगल्यांचं नाव ठरल्याचं कळलं आणि माझ्या डोक्यात एकच, शेवटच्या पानावर ‘पाहून राहिली’. ते उघडणार, वाचणार, वर बघणार आणि विचारणार, ‘हे कोणी तपासलं?’ या वयात पुन्हा? छापायला जाण्याच्या दिवशी सकाळी मी अर्णवला व्हॉट्सअॅप केलं. ‘पा. १४२, शेवटची ओळ. पाहून ऐवजी पाहत करावे.’ दोन निळ्या खुणा आल्या. त्यानं अंगठा पाठवला. झालं. एक दीर्घ ऊकार गेला आणि ‘न’चा ‘त’ झाला. मनाशी म्हटलं, अर्थ तोच आहे. चाळीस वर्षं व्याकरण कोळून प्यायलेला माणूस मी, आणि स्वतःला म्हणतोय, अर्थ तोच आहे!

कार्यक्रम डेक्कनवरच्या एका छोट्या सभागृहात होता. संध्याकाळी सहा. पुस्तकं छापखान्यातून त्याच दुपारी आली, नेहमीप्रमाणे. गठ्ठा तसाच लाल कागदात बांधून टेबलावर ठेवलेला. म्हणजे दीपमालानं पुस्तक अजून उघडलेलं नव्हतं. मंदा आणि मी दुसऱ्या रांगेत बसलो. पुढच्या रांगेत, बरोबर माझ्या पुढे, तिची आई.

हिराबाई. काटक, लहानखुरी, डोक्यावर पदर. ट्रॅव्हल्सनं चौदा तास बसून सकाळीच उतरली होती. मांडीवर कापडी पिशवी, ती काही केल्या खाली ठेवत नव्हती. दीपमालानं ओळख करून दिली तशी ती अख्खी मागे वळली.

“तुमीच का वो थे सर? पोरगी सांगे, पुन्याले एक सर हायेत, एकेक अक्षर पायतेत म्हने.”

“हो, मीच तो.”

“लय उपकार झाले बाप्पा. मले तं वाचता येत नाई. पन मायी वळ पोरगी वाचनार हाय आज. शेवटची हाय. म्हून म्या पिऊन-खाऊन आधीच घेतलं, मंदी उठा नको लागाले.”

मी म्हटलं, “वा वा.” आणखी काय म्हणणार? दीपमाला तिथंच होती. हात धरून बाजूला नेऊन सांगता आलं असतं, की बाई गं, ती ओळ बदलली आहे, वाचताना तू तुझी म्हण. अर्ध्या मिनिटाचं काम. मी घड्याळात बघितलं. सहाला दोन मिनिटं कमी होती आणि मी विचार केला, आता कशाला, ऐनवेळी मुलगी घाबरेल. चोर स्वतःला कसा समजावतो ते मला आता विचारा.

दीपप्रज्वलन झालं. वारा आला, ज्योत विझली, पुन्हा लावली. लाल कागद फाडून पुस्तकं छातीशी धरून फोटो झाले. ओगल्यांना सव्वासातला दुसरीकडे अध्यक्ष म्हणून जायचं होतं म्हणून ते आधी बोलायला उठले.

पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं. हे मी खात्रीनं सांगतो, कारण अर्णवनं पाठवलेली फाइल त्यांना उघडताच आली नव्हती, तसं अर्णवच म्हणाला. प्रास्ताविक चालू होतं तेव्हा ते मलपृष्ठ वाचत होते आणि मग शेवटचं पान. पुण्यातले समीक्षक शेवटचं पान वाचतात, कसलेले आहेत.

दहा मिनिटं ते विदर्भाच्या मातीबद्दल बोलले. मग चष्मा वर केला, पुस्तक उघडलं, आणि माझा पाय चप्पल चाचपायला लागला. जुनी सवय.

“शेवटचं वाक्य ऐका,” ते म्हणाले. “‘माय वाट पाहत राहिली.’ राहिली! या एका क्रियापदात कादंबरी आहे. मुलगी पोचलीच नाही. माउली वाट पाहत राहिली, राहिली, आणि एके दिवशी गेली. लेखिकेनं मृत्यू हा शब्दसुद्धा वापरलेला नाही! हे स्वतः भोगल्याशिवाय लिहिता येत नाही. दीपमालाताई, तुमच्या दिवंगत मातोश्रींच्या चरणी हे पुस्तक वाहिलं गेलंय. मी विनंती करतो, आपण सर्वांनी एक मिनिट उभं राहून त्या माउलीला आदरांजली वाहू या.”

आणि लोक उभे राहिले हो! पुणेकर बसच्या रांगेत उभा राहणार नाही, पण आदरांजलीला लगेच उठतो. खुर्च्या सरकल्या, गुडघे वाजले. व्यासपीठावर दीपमाला “सर... सर, माय तर...” असं काहीतरी म्हणत होती, पण माइक ओगल्यांच्या हातात होता आणि त्यांनी डोळे मिटले होते.

हिराबाईही उठली. सगळे उठले म्हणून उठली. पिशवी पोटाशी धरून मागे वळली आणि मला हळूच विचारलं, “कोन गेलं वो, सर?”

काय सांगू? मी ओठावर बोट ठेवलं. म्हटलं, “शांत उभं राहायचं असतं.”

तिनं पिशवी खुर्चीवर ठेवली, पदर सारखा केला, हात जोडले आणि डोळे मिटले. कोणीतरी बिचारं गेलंय म्हणून ती बाई मनापासून उभी होती. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. माझ्या एका ‘त’नं तिला मारलं होतं आणि तीच तिथं हात जोडून उभी होती. मंदानं माझ्याकडे पाहिलं. तिला तो ‘राहू द्यावे’चा रविवार आठवत होता.

“तुम्ही बदललंत,” ती कानाशी म्हणाली.

मी पुन्हा ओठावर बोट ठेवलं.

मिनिट संपलं. दीपमालानं माइक जवळजवळ हिसकावून घेतला. “माझी माय गेलेली नाही,” ती म्हणाली. “ती ही समोर बसली आहे.”

वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल. पण ओगले कसले ओशाळतात! ते हसले, हात जोडले, “अहो, दीर्घायुषी होवोत! हा तर तुमच्या लेखणीचा विजय.” टाळ्या. मग खुर्चीतूनच, मास्तरी स्वरात, “पण मग ताई, वाक्य चुकलंय. ‘पाहत राहिली’ हा भूतकाळ झाला. आई हयात असेल तर ‘पाहते आहे’. नवोदितांनी क्रियापदांकडे लक्ष द्यायला हवं. तिकडून येताना भाषा जरा... असू दे. पुण्यात राहताय, होईल सवय.”

“मी असं लिहिलं नव्हतं, सर,” दीपमाला म्हणाली.

“अहो, छापलंय तर असंच!” लोक हसले. छान हसले, मोकळं हसले. अठरा वर्षांपूर्वीचंच हसू ते, मी आवाजावरून ओळखलं.

तिनं पुस्तक उघडलं. पान एकशे बेचाळीस. ती बघत राहिली आणि मग तिनं मान वर केली. सरळ दुसऱ्या रांगेत. रागानं बघितलं असतं तर बरं होतं, मला राग झेलता येतो. ती वाट बघत होती. मी उठेन म्हणून.

“अहो, उभे राहा,” मंदा म्हणाली.

“गुडघा,” मी म्हटलं.

“आत्ता मिनिटभर उभे होतात तेव्हा कुठे गेला होता गुडघा?”

अर्णव पायऱ्यांपाशी उभा होता. त्याच्या खिशात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये माझा निरोप. त्यानंही माझ्याकडे पाहिलं आणि मग तो फुलांच्या माळा नीट करायला लागला. मी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

दीपमालानं माझं नाव घेतलं नाही. वाचायला लागली. चांगलं वाचलं, फोन येतो तिथं तर बटाटेवड्याची वाट बघणारेही गप्प झाले. पिशवी भरण्याशी आली. हिराबाई खुर्चीच्या कडेला सरकली. आणि शेवटच्या ओळीशी दीपमाला थांबली. छापलेलं तिच्यानं वाचवेना, आणि तिचं स्वतःचं, आत्ताच इतक्या लोकांनी हसण्यावारी नेलेलं, म्हणवेना. पानावर बोट ठेवून ती नुसती उभी होती.

आईला वाटलं, पोरगी विसरली. शाळेच्या गॅदरिंगला आया करतात तसं तिनं पुढे वाकून मोठ्यानं सांगितलं, “पाहून रायली... म्हन नं, दीपे. माय वाट पाहून रायली.”

हशा पिकला. मग टाळ्या. “वा! हे बोलीचं वैभव!” ओगले म्हणाले, आणि आता सव्वासात वाजत आले म्हणून निघाले. हिराबाई मागे वळून सगळ्यांना नमस्कार करत होती. तिला वाटलं, ओळ आवडली.

आभार शेवटी दीपमालानं मानले. कागद नव्हता तिच्या हातात. कंपनीतल्या मैत्रिणींचे मानले, अर्णवचे मानले. मग म्हणाली, “या पुस्तकाचं मुद्रितशोधन श्री. दीनानाथ खांबेटे सरांनी केलं आहे. यातलं प्रत्येक अक्षर त्यांच्या नजरेखालून गेलं आहे. प्रत्येक. मी सरांना विनंती करते, त्यांनी वर यावं.”

चाळीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली. खोटं कशाला बोलू, स्नान करताना तालीमसुद्धा केली होती. आणि मी गेलो. गुडघा काही आड आला नाही. अर्णवनं शाल घातली, नारळ दिला, माइक पुढे केला. “सर, दोन शब्द.”

आता सांगता आलं असतं. माइक होता, दीडशे माणसं होती, ती बाई पहिल्या रांगेत होती. ‘चूक लेखिकेची नाही, माझी आहे.’ पाच शब्द. पण चाळीस वर्षं घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं, तेच बाहेर पडलं. “मी फक्त निमित्त आहे,” मी म्हणालो. लोकांना विनय वाटला. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात हिराबाई वाजवत होती.

खाली वडे सुरू झाले होते. मी मागल्या बाजूनं सटकणार होतो, पण मंदा जागची हलेना, आणि हिराबाईनंच मला गाठलं. पिशवीतून एक पुडी काढून माझ्या हातात कोंबली. “फल्ली हाय. भाजेल हाय. घरच्या वावरातली.” तिकडे शेंगदाण्यांना फल्ली म्हणतात. पुडी घेताना माझा एक हात नारळात अडकलेला.

मग ती जवळ आली. “सर, एक इचारू का? पोरगी वर काऊन थांबली? थ्या वळीत काही बदललं का वो कोनं? थो म्हातारा काई वेगळंच म्हने.”

दीपमाला तिच्या मागेच उभी होती. अर्णव वडा खात होता, तो खायचा थांबला. मंदानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“छापखान्यात झालं असेल,” मी म्हटलं. “मशीनची चूक.”

“असं व्हय.” तिचा चेहरा एकदम सैल झाला. “मंग काई नाई. मशीनले कुठं माय असते.”

ती वडा घ्यायला गेली. अर्णव तिच्यामागे गेला. चटणी संपलीय का बघायला म्हणाला.

दीपमालानं पर्स उघडली. घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातावरच्या शालीवर, नारळाशेजारी ठेवला. न उघडताच मला कळलं. पान एकशे बेचाळीस. लाल रेघ, खाली टिंबं, समासात माझं वळणदार अक्षर आणि सही. चार-पाच महिने तिनं ते जपून ठेवलं होतं. प्रकाशनाला बरोबर आणलं होतं, बहुतेक आईला दाखवायला.

“दीपमाला,” मी म्हटलं. “माझं चुकलं. पुढच्या आवृत्तीत मी स्वतः उभा राहून... ऐक, मी आत्ता जाऊन आईंना सांगतो की ते मी...”

तिनं आईकडे पाहिलं. हिराबाई टेबलापाशी उभी राहून कोणा अनोळखी बाईला सांगत होती, वळ मायी हाय, शेवटची.

“राहू द्या, सर,” दीपमाला म्हणाली.